जिवाणूंचा वास डासांना पळवतो, तसा बोलावतोही

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिवाणूंच्या वासाने डास पळणार, अशा आशयाची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचली. त्यानंतर आमच्या आळीतल्या दोघांनी मला रस्त्यात गाठून, “मास्तर, हे औषध आपल्याकडे कधी येणार?” असे विचारले. माध्यमिक शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येणे साहजिकच आहे. परंतु त्या दोघांना उभ्याउभ्या जे सांगता आले नाही, ते सविस्तर मांडावे म्हणून हा पत्रप्रपंच. बातमी खोटी नव्हती, पण ती अर्धी होती, आणि जो अर्धा भाग राहून गेला तोच आम्हा कोकणवासीयांच्या अधिक उपयोगाचा आहे, असे माझे मत आहे.

एखाद्याला डास अधिक चावू लागले की ‘त्याचे रक्त गोड’ असे आपण सहज म्हणतो. रक्ताची चव मात्र डासाच्या मादीला सोंड खुपसल्यावरच कळते. माणसापर्यंत ती पोहोचते ती श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि अंगाचा वास यांच्या मागावर. त्यातला अंगाचा वास बऱ्याच अंशी आपला नसतोच, तो त्वचेवर वस्ती करून असलेल्या जिवाणूंचा असतो. नुकत्याच सुटलेल्या घामाला जवळजवळ वास नसतो. आफ्रिकेत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस गॅम्बिई हा डास ताज्या घामाकडे फारसा वळत नाही, पण तोच घाम एक-दोन दिवस ठेवून त्यात जिवाणू वाढू दिले की वळतो, हे नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवून दिले. आगरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, शिंपणे उरकून दोरीवर टाकलेली बंडी दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला उचलावी, तर तिच्या काखेतल्या घडीतून चार-पाच डास उठतात, हे मी कित्येकदा पाहिले आहे. त्यामागचे कारण मात्र मला निवृत्तीनंतर कळले.

त्याच विद्यापीठातल्या मंडळींनी १९९६ मध्ये आणखी एक गमतीचा शोध प्रसिद्ध केला होता. लिंबर्गर नावाच्या अतिशय उग्र वासाच्या चीजकडे हे मलेरियाचे डास ओढले जातात, कारण ते चीज मुरवणारा ब्रेव्हिबॅक्टेरियम हा जिवाणू आणि माणसाच्या पायाच्या बोटांमधल्या बेचक्यांत राहणारा जिवाणू हे एकमेकांचे जवळचे भाऊबंद आहेत. या शोधाला २००६ मध्ये इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले. हसून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नव्हती, हे पुढे स्पष्ट झाले. २०११ मध्ये ४८ पुरुषांच्या पायांवरील जिवाणू तपासले गेले, तेव्हा असे दिसले की ज्यांच्या त्वचेवर जिवाणूंची संख्या मोठी पण प्रकार मोजके, ते डासांचे अधिक लाडके. आणि ज्यांच्या त्वचेवर प्रकार अनेक, त्यांच्याकडे डास तुलनेने कमी फिरकतात. स्टॅफिलोकोकस हा जिवाणू पहिल्या गटात अधिक होता, तर स्यूडोमोनस दुसऱ्या गटात. एकाच ओटीवर, एकाच दिव्याखाली बसलेल्या दोन भावांपैकी एकालाच डास का फोडून काढतात, याचे निदान काही अंशी उत्तर इथे आहे.

आता आपल्या बातमीकडे वळतो. तिच्यात दोन वेगवेगळी संशोधने एकत्र झालेली दिसतात, आणि ती वेगळी करणे आवश्यक आहे.

पहिले संशोधन अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे, २०१९ सालचे. जमिनीतल्या किडी मारण्यासाठी शेतीत ज्या कीटकभक्षी सूत्रकृमी (बारीक, धाग्यासारखे जंत) वापरतात, त्यांपैकी स्टायनरनेमा जातीच्या सूत्रकृमींच्या आतड्यात झेनोरॅब्डस नावाचे जिवाणू राहतात. सूत्रकृमी किडीच्या शरीरात शिरते, जिवाणू सोडते, जिवाणू त्या किडीला मारतात, आणि मग सूत्रकृमीचे पोटपाणी त्या मेलेल्या किडीवर चालते. या काळात मुंग्या किंवा इतर कीटकांनी तो मुडदा पळवू नये, म्हणून हे जिवाणू त्यात असे काही पदार्थ मिसळतात की येणारा पाहुणा तोंड लावून मागे फिरतो. झेनोरॅब्डस बुडापेस्टेन्सिस या जातीपासून मिळालेल्या अशा पदार्थांनी डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती, अ‍ॅनोफिलिस आणि क्युलेक्स या तिन्ही वंशांतल्या डासांना प्रयोगशाळेत रक्त पिण्यापासून परावृत्त केले, आणि तेही डीट व पिकारिडिन या प्रचलित डासरोधकांच्या तोडीने किंवा त्याहून सरस. आपल्या बातमीतला आनंद येथवर रास्त आहे. परंतु या पदार्थांना, म्हणजे फॅबक्लाव्हिनांना, ‘सुगंध’ म्हणणे चुकीचे आहे. हे वजनदार रेणू आहेत, मोगऱ्याच्या वासासारखे ते हवेत दरवळत नाहीत. डास त्यांच्यापर्यंत पोहोचला की मग त्याला ते नकोसे होतात. शिवाय ते अनेक प्रकारच्या सूक्ष्मजीवांना मारक ठरतात. माणसाच्या त्वचेवर रोज लावण्यायोग्य होण्यापूर्वी त्यांच्या सुरक्षिततेच्या किती चाचण्या व्हाव्या लागतील, हे यावरून ध्यानात यावे. डीट हे औषध अमेरिकी सैन्यासाठी १९४६ मध्ये तयार झाले आणि सामान्य माणसाच्या हाती १९५७ मध्ये आले, एवढे या संदर्भात आठवले तरी पुरे.

दुसरे संशोधन २०२४ सालचे, सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. माणसाच्या अंगावर एरवीच राहणारे स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस आणि कोरिनेबॅक्टेरियम हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि या आम्लाचा वास डासाला माणसाची खूण पटवून देतो. शास्त्रज्ञांनी या जिवाणूंतले ते आम्ल बनवणारे जनुक निकामी केले आणि असे बदललेले जिवाणू उंदरांच्या कातडीवर लावले. त्या उंदरांकडे येणाऱ्या डासांची संख्या लक्षणीय घटली, आणि हा परिणाम अकरा दिवसांपर्यंत टिकला. एकदा लावले की दीड आठवडा पाहायला नको, अशी ही कल्पना असल्यामुळे ती मोहक वाटते. मात्र हे उंदीर होते, आणि पिंजऱ्यातले होते. आमच्याकडचा माणूस पावसाळ्याचे चार महिने ओला असतो, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा अंग धुतो, आणि मासेमारीला जाणारा असेल तर त्याच्या कातडीवर मिठाचे पुट चढलेले असते. अशा त्वचेवर बाहेरून आणून सोडलेल्या जिवाणूंचा निभाव किती दिवस लागेल, हे इथल्या हवेत पाहिल्याखेरीज कळणार नाही. त्यातून जनुक बदललेला सजीव खुल्या वापरासाठी आणायचा, तर आपल्या देशात पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची परवानगी लागते. ‘आपल्याकडे कधी येणार’ या प्रश्नाला म्हणूनच माझ्याकडे तारीख नाही.

अर्ध्या बातमीचा बाजार कसा मांडला जातो, याचा अनुभव आमच्याच घरात आला. एका जत्रेत ‘जिवाणूंपासून बनवलेला नैसर्गिक डासरोधक’ म्हणून विकली जाणारी एक बाटली आमच्या सूनबाईंनी विश्वासाने आणली. नातवाच्या दोन्ही हातांवर ती लावल्यावर अर्ध्या तासात लाल चट्टे उठले, आणि ते ओसरायला तीन दिवस लागले. बाटली निरखून पाहिली, तर तिच्यावर घटकांची नावे नव्हती, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता नव्हता आणि कोणताही नोंदणी किंवा परवाना क्रमांक नव्हता. हिरवे पान आणि सूक्ष्मदर्शकाचे चित्र मात्र ठळक होते. ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचून आपण पाठमोरी बाजू वाचत नाही, हा दोष आमचाही आहेच.

आता राहून गेलेला अर्धा भाग. जिवाणूंच्या वासाने डास दूर जातो, त्याहून कितीतरी अधिक वेळा तो जवळ येतो. आणि मादी रक्त प्यायल्यावर अंडी कुठे घालायची, हे ठरवताना तर ती जिवाणूंच्या वासावरच मोठी भिस्त ठेवते. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की बांबूची आणि ओकची पाने पाण्यात कुजवली, तर त्या पाण्यातले जिवाणू काही मेदाम्ले तयार करतात आणि त्यांच्या वासाने एडिस इजिप्तीची मादी त्या पाण्यात अंडी घालण्यास प्रवृत्त होते. हा परिणाम अगदी मोजक्या मात्रेत होतो, म्हणजे पाणी किती दिवस कुजले आहे यालाही महत्त्व आहे. या आम्लांपैकी एक आहे टेट्राडेकॅनॉइक आम्ल, ज्याला रसायनशास्त्रात जायफळाच्या लॅटिन नावावरून मिरिस्टिक आम्ल म्हणतात, आणि जे आपल्या खोबरेल तेलातही असते. तेलात ते चरबीच्या रूपात बांधलेले असते, तेव्हा डोक्याला तेल लावण्यावर कोणी बंदी घालू नये, एवढे जाता जाता सांगून ठेवतो.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक ओळखीचे आहे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा जो वास येतो, त्यातला मुख्य पदार्थ जिओस्मिन हा मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू तयार करतात, तसेच पाण्यातले सायनोबॅक्टेरियाही. फळमाशीला हा वास धोक्याचा वाटतो आणि ती पळते. एडिस इजिप्तीच्या मादीला मात्र तोच वास ‘येथे पिल्लांना खायला मिळेल’ असे सांगतो आणि ती तिथे अंडी घालते, हे २०२० मध्ये सिद्ध झाले. बिटाच्या सालीतही जिओस्मिन असल्यामुळे सापळ्यात ती वापरता येते, असेही त्याच संशोधनात आढळले. एकच वास एका कीटकाला हाकलतो आणि दुसऱ्याला आवतण देतो. म्हणून ‘अमुक जिवाणूचा वास डासरोधक’ असे सरसकट विधान करताना फार जपून राहावे लागते.

गुहागर ते वेंगुर्ल्यापर्यंतचे कोणतेही आगर या दृष्टीने पाहावे. पोफळीची गळलेली विरी, म्हणजे सुपारीच्या झावळीचा बुंध्याकडचा रुंद, खोलगट भाग, ही निसर्गाने बनवलेली परडीच असते. ती उलटी पडली तर काही नाही, पण सुलटी पडली की एका पावसात तिच्यात तांब्याभर पाणी साठते, कडेने वाळका पाला पडतो आणि चार दिवसांत ते पाणी चहाच्या रंगाचे होते. तीच गोष्ट शहाळ्यांच्या, करवंट्यांच्या आणि पन्हळीत अडकलेल्या पाल्याची. गेल्या वर्षी मी माझ्या आगरात दोन सारख्या करवंट्या शेजारी शेजारी ठेवल्या, एकीत विहिरीचे स्वच्छ पाणी आणि दुसरीत विरीतले तांबूस पाणी. आठवड्याने पहिलीत दोन-चार अळ्या होत्या आणि दुसरीत मोजता येणार नाहीत इतक्या. पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटी लावून त्या उलट्या लोंबकळत होत्या आणि माझी सावली पडताच एकदम सर्र करून तळाला जात होत्या. दोन करवंट्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगत आलो आहे, तरी वर दिलेल्या संशोधनाशी हे निरीक्षण जुळते एवढे नक्की. कोणी हा प्रयोग करून पाहिलाच, तर सातव्या-आठव्या दिवसापूर्वी पाणी कोरड्या, तापलेल्या जमिनीवर ओतून टाकावे आणि करवंटी घासून पुसावी, कारण एडिसची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत राहतात.

ही ओढ माणसाच्या बाजूने वळवता येते, हे इतरत्र करून पाहिले गेले आहे. प्वेर्तो रिको हे आपल्यासारखेच दमट, माडांचे बेट. तिथे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या डेंग्यू विभागाने काळ्या बादलीचा एक साधा सापळा तयार केला: तळाशी पाणी आणि वाळक्या गवताची पुडी, पाण्यावर डासाला जाऊ न देणारी जाळी, आणि आत येण्याच्या वाटेवर चिकट आवरण. गवत कुजते, जिवाणू वास सोडतात, अंडी घालायला आलेली मादी चिकटून मरते. घरटी तीन सापळे, बहुतेक सर्व घरांत, आणि दोन-दोन महिन्यांनी देखभाल, अशी ही व्यवस्था होती. पुढे चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा सापळे असलेल्या वस्त्यांत संसर्ग झालेल्या माणसांचे प्रमाण सापळे नसलेल्या वस्त्यांच्या सुमारे निम्मे आढळले. २००६ च्या चिकुनगुनियात गुडघे धरून बसलेली माणसे ज्यांना आठवत असतील, त्यांना या ‘निम्म्या’चे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

केनियातील रुसिंगा बेटावर मलेरियाच्या डासांसाठी माणसाच्या अंगाचा कृत्रिम वास वापरला गेला. त्या मिश्रणात अमोनिया, लॅक्टिक आम्ल, वर सांगितलेले मिरिस्टिक आम्ल आणि त्वचेवरचे जिवाणू सोडतात ते तीन-मिथिल-ब्युटेनॉल हे पदार्थ होते. सौरऊर्जेवर चालणारे हे सापळे घरोघर बसवल्यावर मलेरियाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी राहिले, असा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

डासाला केवळ हाकलण्यात एक अडचण असते, जिचा विचार बातम्यांमध्ये होत नाही. माझ्या अंगाला लावलेल्या औषधाने जी मादी उडाली, ती उपाशी राहत नाही. शेजारच्या ओटीवर जाते. ज्याला औषध परवडते त्याचे डास ज्याला परवडत नाही त्याच्या अंगावर जातात. सापळ्यात अडकलेली मादी मात्र कोणाच्याच ओटीवर जात नाही.

वासाविषयी आणखी एक गोष्ट प्रत्येक घराने लगेच आचरणात आणण्यासारखी आहे. डेंग्यू किंवा झिका झालेल्या प्राण्याच्या त्वचेवर बॅसिलस जातीचे जिवाणू वाढतात आणि ते अ‍ॅसिटोफिनोन नावाचा वास अधिक सोडतात, त्यामुळे डास निरोग्यापेक्षा आजाऱ्याकडे जास्त जातात, असे २०२२ मध्ये चीनमधील त्सिंगहुआ विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात उंदरांवर दिसून आले. डेंग्यूच्या रुग्णांच्या त्वचेवरही हा पदार्थ अधिक सापडला. एडिस दिवसा चावतो. तेव्हा तापाने झोपलेल्या माणसावर मच्छरदाणी रात्रीच नव्हे, दिवसाही घालावी, म्हणजे त्याला चावलेला डास घरातल्या दुसऱ्याला चावणार नाही. त्या उंदरांमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेल्या आयसोट्रेटिनोइन या औषधाने हा वास कमी झाला हे खरे. पण मुरुमांसाठी दिले जाणारे हे औषध गरोदर स्त्रीच्या गर्भाला अत्यंत घातक आहे, त्यामुळे कोणीही ते आपल्या मनाने घेऊ नये.

आमच्याकडे डासनिर्मूलन म्हणजे साथ आल्यावर संध्याकाळी गल्लीतून फिरणारे धुराचे यंत्र, अशी समजूत झाली आहे. दिवसा चावणारा आणि घरातल्या कपड्यांमागे, खाटेखाली बसणारा एडिस त्या धुराला किती सापडत असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. आशा सेविका आणि आरोग्यसेवक दारोदार येऊन भांडी तपासतात, पाण्यात टेमिफॉस हे अळीनाशक टाकतात, भांडी रिकामी करून आठवड्याचा कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात, विहिरीत गप्पी मासे सोडतात. हे काम धुरापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. परंतु दोन एकरांच्या आगरात पडलेल्या शेकडो विऱ्या त्यांनी एकेक करून उलट्या कराव्यात, ही अपेक्षा करता येत नाही. तेथे सापळ्यांचा प्रयोग व्हायला हवा.

त्यासाठी परदेशी बाटलीची वाट पाहण्याचे कारण नाही. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, तिथे कीटकशास्त्र विभाग आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. पुदुच्चेरीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे कीटकवाहक नियंत्रण संशोधन केंद्र आहे, जिथे डासअळ्या मारणाऱ्या बीटीआय या जिवाणूवर दीर्घकाळ काम झाले आहे. बीटीआय १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला आणि जगभर वापरात आला, म्हणजे जिवाणू हाताशी धरून डासांशी लढणे ही काही कालची कल्पना नव्हे. विरीचे, काजूच्या पाल्याचे आणि भाताच्या पेंढ्याचे कुजवणी पाणी यांपैकी इथल्या एडिसच्या माद्यांना कोणते अधिक ओढते, किती दिवस कुजवलेले ओढते, आणि पावसाळ्यात सापळा भरून वाहू लागला तर काय करायचे, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे दोन पावसाळ्यांत मिळू शकतील. देखभाल न झालेला सापळा स्वतःच डासांचे पाळणाघर होतो, म्हणून तो वाटून मोकळे होण्याची योजना मात्र नको. ज्या वाडीत दर महिन्याला कोणी पाहायला जाईल तिथेच तो ठेवावा.

आपल्या प्रतिनिधींनी या संस्थांना हा प्रश्न विचारावा, आणि डासरोधक औषधाची पुढची बातमी छापताना प्रयोग उंदरावर झाला की माणसावर, प्रयोगशाळेत की आगरात, एवढे दोन तपशील मथळ्याखालच्या पहिल्या परिच्छेदात द्यावेत, अशी विनंती आहे. कोणत्याही संस्थेला असा प्रयोग करावयाचा असल्यास माझे पाऊण एकराचे पोफळीचे आगर त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. जूनपूर्वी कळवल्यास विऱ्या मी गोळा करून ठेवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी